अष्टमीचा दवाखाना

माझ्या हाताने लिहिलेलं एक वाक्य खोडायला मला जवळजवळ सहा महिने लागले. लिहायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.

वाक्य असं होतं: ‘कोळीवाड्यातील महिला स्वतःच्या आरोग्याबाबत उदासीन आहेत.’ ग्रामपंचायतीच्या अहवालात, आरोग्याच्या रकान्यात, खाली माझी सही आणि सरपंचाचा शिक्का. अक्षर मात्र सुरेख. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्यावर घोटलेलं अक्षर ते, वाईट कसं असेल?

निवृत्त होऊन वर्ष होतंय तोवर सरपंचपद बाईमाणसासाठी राखीव आलं. गावातले चार जण घरी आले आणि म्हणाले, बाई, तुम्हीच उभ्या राहा, तुम्हाला बोलायची सवय आहे. बोलायची सवय होतीच. ऐकून घ्यायची किती होती, ते पुढे कळेलच.

आमची गटग्रामपंचायत. खाडीच्या अलीकडे भातशेतीवाल्यांचं गाव, त्याला लागून आमची बौद्धवाडी, आणि खाडीच्या पलीकडे बंदराला चिकटलेला कोळीवाडा. उपकेंद्र अलीकडे. मुरुडच्या एसटीचा थांबा अलीकडे. खाजगी डॉक्टर दोन, दोघेही अलीकडे. पलीकडून यायचं तर खारीच्या बांधावरून अर्धा तास चालायचं, आणि मोठी भरती असली की बांधाचा मधला तुकडा पाण्याखाली जातो, म्हणजे मग ओहोटीची वाट बघायची. कोळीवाड्यातली आशाताईची जागाही दीड वर्ष रिकामीच होती. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. माहीत असूनही त्यात काही चुकीचं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं, हे मी आज कबूल करते.

ते वाटायला लावलं मावशीने. मावशी म्हणजे आमच्याकडे मासळी घेऊन येणारी कोळीण. पंचवीस वर्षं ती माझ्या ओट्यावर टोपली उतरवते आहे. मी तिला मावशी म्हणते आणि ती मला बाई म्हणते, वयाने मात्र आम्ही जवळपास बरोबरीच्या. तिची थोरली बहीण चार वर्षांपूर्वी जवळा वाळत घालता घालता कोसळली आणि तिची उजवी बाजू गेली. तेव्हापासून ती खाटेवर आहे. घरात दोघीच. मावशीच तिला उठवते, न्हाऊ घालते, भरवते आणि मग टोपली उचलते.

एकदा बोंबील निवडता निवडता मावशी सहज म्हणाली, “पिरेशर व्हतं म्हनं तिला. आमाला काय ठाव? कोनी मोजलंच नाय कदी.”

मी त्या दिवशी बोंबील घेतले, पण जेवण गेलं नाही. कारण प्रेशर मलाही आहे. बारा वर्षं गोळी घेते आहे. उपकेंद्र माझ्या घरापासून दोन मिनिटांवर, आणि गोळी आणायला चार दिवस उशीर झाला तर नर्सबाई रस्त्यात हाक मारून विचारतात, बाई, विसरलात का? माझ्यात आणि तिच्या थोरलीत फरक एवढाच, की माझं कोणीतरी मोजलं होतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, आणि राग आला की मी कामाला लागते. हा माझा जुना स्वभाव.

मासिक सभेत मी विषय घेतला. महिन्यातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी आणि आमच्या नर्सबाईंनी कोळीवाड्यात शिबिर घ्यायचं, दर महिन्याचा पहिला मंगळवार, सकाळी दहा ते एक. पंचायतीने समाजमंदिर झाडून, पंखा लावून द्यायचं. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी ठराव लिहिला. तेव्हाचे डॉक्टर भले होते, ते लगेच हो म्हणाले.

पहिलं शिबिर जुलैमध्ये झालं. समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. मी दारात उभी राहून रांग लावली, भाषणही ठोकलं. मावशीचं प्रेशर नर्सबाईंनी दोनदा मोजलं, मग डॉक्टरांनी तिसऱ्यांदा. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि तिला विचारलं, “डोकं दुखत नाही का?”

“वजं उचललं का दुखतं,” मावशी म्हणाली. “सगल्यांचंच दुखतं.”

तिला महिनाभराच्या गोळ्या मिळाल्या. रोज एक, सकाळी. बाहेर पडताना तिने माझा हात धरला आणि हळूच विचारलं, “बाई, मी पडले तर तिला कोन उचलील?” मी म्हटलं, “तू पडायची नाहीस. दर महिन्याला इथे यायचं, गोळ्या न्यायच्या.” मोठ्या रुबाबात म्हटलं. जणू समुद्रसुद्धा माझ्या वर्गातला होता.

ऑगस्टलाही गर्दी झाली. मला वाटलं, माझ्या भाषणाचा गुण. सप्टेंबरात नऊ जणी आल्या. ऑक्टोबरात पाच. नोव्हेंबरात अचानक पुन्हा झुंबड, मावशीही त्यात होती, आणि डिसेंबरात समाजमंदिरात मी, नर्सबाई, डॉक्टर आणि पंखा. बाहेर दोन म्हाताऱ्या येऊन बसल्या होत्या, त्या सावलीला.

आदल्या दिवशी मी दवंडीसारखं घरोघर सांगत फिरले होते. सगळ्या जणी “व्हय बाई, येतो बाई” म्हणाल्या होत्या. एकतीस वर्षं मी हजेरी घेतली आहे. “येतो” म्हणून न येणाऱ्याला माझ्याकडे एकच शब्द होता. घरी येऊन चप्पलसुद्धा नीट न काढता मी अहवाल ओढला आणि ते वाक्य लिहून टाकलं. लिहिल्यावर बरं वाटलं, हे जास्त वाईट.

जानेवारीत भले डॉक्टर बदलून गेले. त्यांच्या जागी तरुण डॉक्टर आले, कामाला चोख, कागदाला त्याहून चोख. आठ दिवसांत पंचायतीला पत्र आलं. अल्प प्रतिसादामुळे कोळीवाड्यातलं शिबिर बंद करण्यात येत आहे, गरजूंनी उपकेंद्रात यावं. आणि आधार म्हणून काय दिलं होतं? सरपंचांनी स्वतः नमूद केल्याप्रमाणे, कोळीवाड्यातील महिला स्वतःच्या आरोग्याबाबत उदासीन आहेत. माझंच वाक्य टंकलिखित होऊन माझ्याकडे परत आलं होतं. भाऊसाहेबांनी ते वाचून दाखवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “बघता काय, माझंच आहे.”

त्याच आठवड्यात दुपार कलल्यावर मावशी टोपली घेऊन आली. आठ-दहा दिवसांनी आली होती. मी ओट्यावरच तिला फैलावर घेतलं. शिबिर बंद झालं, तुमच्यामुळे झालं, माझी मान खाली गेली, गोळ्या कुठून आणणार आहेस आता, बहिणीचं बघून शहाणपण आलं नाही का? बहिणीचं नाव काढायला नको होतं. ते तोंडातून गेलं आणि मलाच टोचलं.

मावशीने टोपली उतरवली, पदराने तोंड पुसलं आणि शांतपणे विचारलं, “बाई, मी गेल्या आठवड्यात तुमच्या दारात आले व्हते काय?”

“नाही.”

“का नाय आले?”

“भांग होता ना,” मी म्हटलं. “भांगात कुठली मासळी?”

हे उत्तर मला पाठ होतं. आमच्याकडे सगळ्यांनाच असतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाण्याला ओढ, पाण्यात रोवलेल्या डोलीच्या जाळ्यात मासळी भरते. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद, जाळी सोडून उपयोग नाही, माणसं घरी बसून जाळी सांधतात आणि आमच्या घरी त्या दिवसांत आमटी होते. पंचवीस वर्षं मी त्या आमटीला नावं ठेवत आले आहे.

“मंग?” मावशी म्हणाली. “तुमचं बोलावनं उधानात. उधानात बारा वाजता भरती. होड्या बंदराला लागतान त्याच टायमाला. मी तिथं रांगेत बसू का मासली उचलू? भांगात बोलवा. भांगात आमी घरातच हाव.”

“मग सांगितलं का नाही इतके महिने?”

“तुमी इचारलं कवा? तुमी सांगत व्हत्या.”

तिने काही टोमणा मारला नव्हता, जे होतं ते सांगितलं. मी आत गेले, भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट उपटून आणलं आणि शिबिराची वही घेऊन ओट्यावरच बसले. मावशीने मला एक हिशेब शिकवला, जो मला एकतीस वर्षांत कोणी शिकवला नव्हता: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास. अष्टमीला आठाची पाऊणपट, सहा. म्हणजे अष्टमीला भरती सकाळी लवकर आणि संध्याकाळी, दुपार मोकळी, आणि बांधही कोरडा. आम्ही एकेका पहिल्या मंगळवारची तिथी बघत गेलो. नऊ जणींचा मंगळवार, पाच जणींचा मंगळवार, म्हाताऱ्या सावलीला बसल्या तो मंगळवार, सगळे उधाणातले. नोव्हेंबरातल्या झुंबडीच्या दिवशी अष्टमीला एकच दिवस बाकी होता. आणि जुलै-ऑगस्टातली गर्दी? तेव्हा पावसाळी मासेमारी बंदच होती, त्या कधीही बोलावलं असतं तरी आल्या असत्या. माझ्या भाषणाचा गुण असा चारचौघांत निकालात निघाला. म्हणजे चारचौघांत नाही, मावशीसमोरच, पण पुरेसा.

मला हसू आलं नाही. मला माझा भयंकर राग आला. माझ्या ताटाला भांग कळत होता आणि माझ्या अहवालाला कळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी कॅलेंडर आणि वही घेऊन मी डॉक्टरांसमोर जाऊन बसले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मॅडम, आमचा फिरतीचा कार्यक्रम तारखेने लागतो. तिथीने नाही लागत. संगणकात तिथीला जागाच नाही. आणि उदासीन असल्याचं तुम्हीच लिहिलंय.”

“लिहिलंय ते चुकीचं आहे.”

“मग तसा ठराव द्या.”

ते मला टाळत होते की वाट दाखवत होते, मला आजही नक्की सांगता येणार नाही. मी दुसरं धरून चालले. आल्या पावली पंचायतीत गेले आणि भाऊसाहेबांना सांगितलं, महिला सभा बोलवा, कोळीवाड्यात, येत्या अष्टमीला, सकाळी अकराला. ते म्हणाले, इतक्या वर्षांत पंचायतीची सभा खाडीपलीकडे झालेली नाही. मी म्हटलं, म्हणूनच.

सभेला समाजमंदिर भरलं. कोणाच्या हातात जाळं, कोणाच्या मांडीवर नातवंड. मी या वेळी भाषण केलं नाही. वही उघडली आणि विचारलं, “तुम्हाला कधी जमतं?” मग दीड तास मी नुसती लिहीत होते. अष्टमी नाही जमली तर नवमी. सकाळी दहा नको, अकरा, पाणी भरून होतं. मासळी वाळवायच्या दिवसांत नुसत्या गोळ्या न्यायला आलेल्यांना आधी सोडा. बाईच्या तपासणीला पडदा पाहिजे, पंखा नसला तरी चालेल. पडद्याचं मला सहा महिन्यांत सुचलं नव्हतं.

ठरावाच्या शेवटी मी भाऊसाहेबांना मजकूर सांगितला: ‘महिला उदासीन नसून शिबिराचे दिवस चुकीचे होते. दिवस सरपंचांनी ठरवले होते.’ त्यांचं पेन थांबलं. “मॅडम, ठरावात स्वतःची चूक कोणी लिहीत नाही. उद्या कोणी काढून दाखवेल.” मी म्हटलं, “दाखवू देत. लिहा.” मावशी पुढेच बसली होती. तिने शेजारणीला कोपर मारलं.

डॉक्टरांना संगणकासाठी तारखा हव्या होत्या, मी तारखा दिल्या. पुढच्या वर्षभराच्या वद्य अष्टम्या काढून, तारखेत बदलून, सुट्ट्या गाळून, टापटीप तक्ता करून दिला. तिथीचा उल्लेखही केला नाही. डॉक्टरांनी तक्ता वरखाली बघितला आणि म्हणाले, “तीन महिने बघू. नाही जमलं तर बंद.” मी म्हटलं, “कबूल.”

मार्चातल्या पहिल्या अष्टमीला मी सकाळी बांधावरून चालत गेले. समाजमंदिराच्या दारात चपलांचा ढीग बघितला आणि जीव भांड्यात पडला. पण तो फार वेळ तिथे राहिला नाही. मावशीचं प्रेशर जुलैपेक्षाही जास्त निघालं.

नर्सबाई म्हणाल्या, “मावशी, गोळ्या संपल्या होत्या का?”

“नाय, हायत की.” तिने कमरेची पिशवी काढली. नोव्हेंबरात मिळालेल्या पट्टीवर चार गोळ्या अजून शिल्लक होत्या, मार्चात. नर्सबाईंनी विचारलं, रोज घेत नाहीस?

“घेते की. उधानात घेते. वजं उचलायचं असतं, डोकं धरतं. भांगात काय काम हाय? घरी बसून गोली कशाला फुकट घालवू?”

समाजमंदिरात दोघी-तिघी माना डोलावत होत्या. त्यांचंही तसंच होतं. जाळ्याला भांग, होडीला भांग, तसा गोळीलाही भांग. त्यांच्या सगळ्या जगण्याला हाच नियम होता, औषधाला वेगळा का असेल? आणि आम्ही गोळ्या दिल्या तेव्हा ‘रोज’ म्हणालो होतो, पण रोज असं त्यांच्याकडे काही नव्हतंच. मीच अष्टमीला शिबिर आणलं होतं, म्हणजे नेमकं त्या दिवशी, जेव्हा कोणाच्या पोटात गोळी नव्हती.

नर्सबाईंनी समजावलं, पाण्याला भांग असतो, रक्ताला नसतो, ते रोजच जोर लावतं. मावशीने व्हय व्हय म्हटलं. पण मला आता “व्हय बाई” चांगलं ओळखता येत होतं. सांगून होणारं काम नव्हतं ते. भांगाच्या आठवड्यात तिला सकाळी आठवण कोण करणार? मी रोज खाडी ओलांडणार नव्हते.

शिबिर आटपल्यावर मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. थोरली खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. मला बघून तिने डावा हात कपाळापर्यंत नेला. तिचं बोलणं घशातच अडकतं, पण डोळे लख्ख. मावशी चहा ठेवायला आत गेली आणि आतूनच सांगत होती, हिला काय कलत नाय, हिच्या समोर काय पन बोला. थोरलीचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत. तिला सगळं कळत होतं.

शाळेत माझी एक सवय होती. ज्या पोराला कोणी काम सांगत नाही, त्याला वर्गाचा मॉनिटर करायचं. मी नव्या गोळ्या पट्टीतून सोडवून एका डब्यात भरल्या, डबा थोरलीच्या डाव्या हाताशी ठेवला आणि म्हटलं, “ताई, ही रोज सकाळी एक गोळी घेत नाही. फक्त उधाणात घेते. तिला रोज द्यायची. उधाण असो, भांग असो. मला तुमच्याशिवाय माणूस नाही.”

तिने डबा बघितला. मग एकेक बोट करून हात त्याच्यावर टेकवला आणि मान हलवली, एकदाच.

एप्रिलची अष्टमी झाली, मेची झाली. मावशीचं प्रेशर उतरत गेलं, तसं इतरही काही जणींचं, कारण तोवर कोळीवाड्यात घरोघर कोणाच्या तरी हाती डबा गेला होता, कुठे सासूच्या, कुठे नातीच्या. आशाताईची जागा भरण्यासाठी आमची पत्रं अजून चालूच आहेत, त्यांचा पिच्छा मी सोडलेला नाही. मेअखेर डॉक्टरांचं पत्र आलं: शिबिर कायम, तारखा सोबतच्या तक्त्याप्रमाणे. त्या दिवशी मी जुना अहवाल काढून घेतला आणि ते वाक्य पट्टी लावून खोडलं. वर तारीख घातली, बाजूला सही केली. खाडाखोड अशी करायची असते, खालचं वाचता येईल अशी.

मग पावसाळी बंदी उठून होड्या पुन्हा सुरू झाल्यावर एके सकाळी, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, पाणी चढायच्या आत मी बांधावरून कोळीवाड्यात गेले, नव्या पडद्याच्या कापडाचं माप घ्यायला. मावशीच्या दारावरून जात होते. ती घाईत होती, टोपली डोक्यावर, एक पाय उंबऱ्याबाहेर. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. मावशी म्हणाली, “आल्यावर घेते गो.” पुन्हा आपटलं, जोरात.

मावशीने टोपली उतरवली. आत वळली. थोरलीने डाव्या हाताची मूठ उघडून पुढे धरली होती, तिच्या तळव्यावर गोळी. मावशीने ती उचलून तोंडात टाकली, वर पाणी प्यायली आणि जीभ बाहेर काढून दाखवली, लहान मुलीसारखी. थोरलीने नीट बघून घेतलं आणि मगच हात खाली घेतला.

“बघितलंत बाई,” बाहेर येऊन टोपली उचलता उचलता मावशी मला म्हणाली, “चार वरसं मी उचलते हिला. आता हीच मना उचलते.”